आधी ब्रेक, मग इंजिन : जुन्या कॉन्टेसाची घरगुती सुधारणा

‘जुने ते सोने’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण तिजोरीतले सोने आणि रस्त्यावर धावणारे सोने यांत फरक आहे. तिजोरीतले सोने काही न करता टिकते. रस्त्यावरच्या सोन्याला दर पावसाळ्यात गंज चढतो, दर उन्हाळ्यात त्याचे रबर तडकते, आणि त्याने कोणाला धडक दिली तर जबाबदारी मालकाची असते. जुनी मोटार घरच्या घरी सुधारून तिला नव्या गाडीच्या तोडीची करावी, ही हौस हल्ली तरुणांत फार दिसते. ही हौस शास्त्रशुद्ध रीतीने कशी करावी, हे वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीने सांगावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या दोन उन्हाळी सुट्ट्या मी इंदूरला मामाकडे एका जुन्या कॉन्टेसाच्या खर्चाची वही लिहिण्यात आणि पान्ने हातात देण्यात घालवल्या. तेथे जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवते.

मसल कार म्हणजे काय ?

हा शब्द अमेरिकेचा. मध्यम आकाराच्या, फार महाग नसलेल्या गाडीत मोठ्या गाडीचे अवजड आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, ही त्यामागची कल्पना. १९६४ च्या मॉडेलची पॉन्टियाक जीटीओ ही या जातीची आद्य गाडी मानतात. तिचे इंजिन ३८९ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे असून साध्या प्रकारातही त्याची ताकद ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. सरळ रस्ता आणि स्वस्त पेट्रोल या दोन गोष्टींच्या भरवशावर ही जात वाढली.

आपल्या देशात अशी गाडी बनली नाही. जी बनली ती तोंडावळ्याने तशी होती. इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर या गाडीचे साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले आणि १९८४ साली कॉन्टेसा बाजारात आणली. लांब बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना जोर. पण आरंभी आत इंजिन होते ॲम्बॅसडरचेच, १४८९ सीसीचे आणि सुमारे ५० अश्वशक्तीचे. पैलवानाच्या अंगरख्यात कारकून, अशी थट्टा तेव्हा झाली असल्यास नवल नाही. पुढे इसुझू या जपानी कंपनीच्या रचनेचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. ताकद सुमारे ८८ अश्वशक्ती झाली आणि ‘कॉन्टेसा क्लासिक’ला खरा रुबाब आला. २००२ मध्ये हे उत्पादन बंद झाले. आज जुन्या गाड्यांचे शौकीन हिला प्रेमाने ‘देशी मसल कार’ म्हणतात.

इंदूर आणि मोटारी

इंदूर शहराला मोटारींचे वेड जुनेच. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून बॉडी बांधून घेतली होती. ती गाडी आजही जगातल्या नामांकित मोटारींत गणली जाते. म्हणजे मनासारखी गाडी करून घेण्याची परंपरा या गावात राजापासून सुरू होते !

सामान्यांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे गाव म्हणजे धार जिल्ह्यातील पिथमपूर. इंदूरहून तासाभराच्या आत तेथे पोचता येते. हिंदुस्थान मोटर्सचा इसुझू इंजिनांचा कारखाना तेथेच होता. २००५ मध्ये तो ॲव्हटेक या कंपनीकडे गेला. त्यामुळे मामांच्या १९९४ च्या कॉन्टेसाची बॉडी बंगालमधील उत्तरपाड्याची असली, तरी तिचे काळीज माळव्याचे, असे मामा अभिमानाने सांगतात. त्याच पिथमपुरात २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगाची चाचणी-धावपट्टी सुरू झाली. वेगाची जागा कोणती, याची शहराला जणू आठवण करून दिलेली आहे.

ही गाडी माझ्या आजोबांची. आजोबा गेल्यावर ती लोकमान्य नगरातल्या घरासमोर ताडपत्रीखाली उभी होती. मामेभावाचे, म्हणजे दादाचे म्हणणे असे की, तिच्यात परदेशी सहा सिलिंडरचे, दोनशेच्या वर अश्वशक्तीचे जुने इंजिन घालावे. मामांचे म्हणणे, आधी ती थांबवता आली पाहिजे. आजीचे म्हणणे एकच : “मला ह्याच गाडीतून ओंकारेश्वरला न्या.” या तीन मतांतून आमच्या कामाचा क्रम ठरला. प्रत्येक बदलाला आम्ही एकच प्रश्न विचारू लागलो : मागच्या सीटवर आजी बसलेली असताना हा बदल उपयोगी पडेल का ?

पहिले काम : गाडी तपासणे

काहीही विकत आणण्यापूर्वी गाडी वाचावी लागते. दाराच्या खालची पट्टी, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा आणि जेथे स्प्रिंगा व सस्पेन्शन टेकतात त्या जागा हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून पाहायच्या. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला तर रंगाखाली पुट्टी किंवा गंज. कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडीच सांगाडा असते. म्हणून गंज हा सौंदर्याचा नव्हे, मजबुतीचा प्रश्न आहे. आमच्या गाडीत पूर्वी कोणी तरी डिकीच्या तळावर गंजासकट जाड पुट्टी थापून वर चकचकीत रंग दिला होता. ती खरवडून तेथे नवा पत्रा वेल्डिंग करून घेण्यातच पहिल्या सुट्टीचे बारा दिवस गेले.

घरी काम करणाऱ्याने एक नियम पाळावाच. गाडी केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी लोखंडी घोड्या असतात. आणि जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे उटी लावावी. जुन्या ब्रेक लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ब्रेक : गणित आणि घाट

वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेले असते. त्याचा व्यवहारातला अर्थ पाहू. माणसांसकट गाडीचे वजन १२०० किलो धरले आणि वेग ताशी ८० किलोमीटर, तर तिची ऊर्जा सुमारे २ लाख ९६ हजार ज्यूल येते. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जवळजवळ इतकीच उष्णता लागते. म्हणजे ८० च्या वेगातून एकदा थांबताना ब्रेकमध्ये एक लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता निर्माण होते ! साठाऐवजी ऐंशीने जाणारी गाडी थांबवायला पावणेदोनपटीहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते.

आता इंदूरहून ओंकारेश्वरचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. सिमरोलनंतर भेरू घाट लागतो. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडली, तर ही उष्णता साचत जाते. लायनर तापून त्यांची पकड कमी होते. त्याहून घातक गोष्ट ब्रेक ऑइलची. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला टेकते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही.

तेव्हा सर्वांत पहिली ‘सुधारणा’ म्हणजे जुने ऑइल पूर्ण काढणे, मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडरची रबरे बदलणे, तडकलेले होस पाइप काढून टाकणे, ड्रम किंवा चकती खाचा पडल्या असल्यास तपासून बदलणे आणि शेवटी हवा काढणे. हवा काढताना एक जण पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळची निपल उघडतो-मिटतो. हे काम दोघांचे असल्यामुळे माझी भरती झाली. ब्रेकचे काम अनुभवी मिस्त्रीच्या नजरेखालीच करावे. आम्हीही रस्त्यावर जाण्यापूर्वी मिस्त्रींना बोलावून सर्व सांधे पुन्हा तपासून घेतले. उतारावर खालचा गिअर घालून इंजिनाचाच ब्रेक करावा, हा फुकटचा उपाय मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. आपल्या कर्नाटकातल्या घाटांत ‘निधानवागि चलिसि’ अशी पाटी असते. कन्नड विभागातल्या मित्रांना तिचा अर्थ सांगायला नको. मराठी वाचकांसाठी सांगते, ‘सावकाश चालवा’.

टायर, शॉकअप आणि पट्टे

ब्रेक कितीही उत्तम असले, तरी शेवटी गाडी थांबते ती चार टायरांच्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेवर. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातले टायर. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे रबर कडक होते. सस्पेन्शनच्या बुशा आणि शॉकअप नवे घातल्यावर आमची गाडी वळणावर झुलेनाशी झाली. दादाच्या तोंडून प्रथमच “इंजिन तेच आहे, पण गाडी वेगळी वाटते” असे उद्गार निघाले.

मागच्या सीटला पट्टे नव्हते. पट्टा कोठेही छिद्र पाडून पत्र्याला बोल्टने आवळणे निरर्थक आहे. धडकेच्या वेळी माणसाच्या वजनाच्या कित्येक पट ओढ त्या एका बोल्टवर येते आणि पातळ पत्रा कागदासारखा फाटतो. बॉडीच्या मजबूत भागाशी, जाड पट्टी देऊनच तो बसवावा लागतो. हे काम आम्ही घरी न करता वर्कशॉपमध्ये करून घेतले.

उष्णता आणि उजेड

माळव्यात रात्र शीतल असते अशी ख्याती आहे, पण मे महिन्यातील दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. रेडिएटरच्या झाकणाचे काम केवळ झाकण्याचे नाही. आतला दाब वाढवून ते पाणी उकळण्याचे तापमान चढवते. साधारण ०.९ बारच्या झाकणाने पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते. वीस-तीस रुपयांचे रबर सैल झाले की हा सर्व लाभ जातो. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी उसळून अंगावर येते. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी न घालता शुद्ध पाणी आणि कूलंट घालावे, नाही तर नळ्यांत किटलीच्या बुडासारखा थर बसतो.

दिव्यांचे काम कमी खर्चात सर्वाधिक समाधान देणारे. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेतात. जुन्या गाड्यांत पुष्कळदा हा सर्व प्रवाह बारीक तारांतून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत जाऊन परत येतो. वाटेत व्होल्टेज पडते. ते दहा टक्के पडले तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. यावर उपाय म्हणजे रिले. बॅटरीजवळून जाड तार फ्यूजमधून थेट दिव्याला द्यायची. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा. साहेबाने स्वतः पोते उचलण्याऐवजी हमालाला हाक मारावी, तसे. बल्ब मात्र मूळच्याच वॅटचे ठेवावेत. जादा वॅटच्या बल्बने होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

नवे पेट्रोल, जुन्या नळ्या

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील उसालाही त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण १९९४ च्या गाडीची रबरी नळी या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते. ते पाणी शोषत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलो पुरते. जुना कार्ब्युरेटर हे ओळखू शकत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होते. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि क्लिपा घालणे, पंपाचा पडदा बदलणे आणि जाणकाराकडून कार्ब्युरेटरचा जेट तपासून घेणे हे काम आता टाळता येण्यासारखे नाही. पेट्रोल गळून आग लागली तर बाकीच्या सर्व सुधारणा त्यातच जळतील.

मोठे इंजिन का नाही ?

आता दादाच्या स्वप्नाकडे वळू. मोठे इंजिन बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. परंतु ८८ अश्वशक्तीसाठी आखलेल्या गाडीत दुपटीहून अधिक ताकद घातली की क्लच घसरतो, म्हणून क्लच बदला. गिअरबॉक्सचे दाते टिकत नाहीत, म्हणून तो बदला. मग प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शिअल, रेडिएटर, ब्रेक आणि शेवटी बॉडीला आधार. हिंदुस्थान मोटर्सने स्वतः इंजिन बदलले, तेव्हा गिअरबॉक्सही बदललाच होता.

त्यातून कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचे इंजिन घालायचे तरी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. रंग बदलला तरी नोंद करावी लागते. न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडकतो, हे वेगळेच.

जमाखर्चाची वही

येथे माझा विषय सुरू होतो. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की, वस्तू पूर्वीच्या स्थितीत ठेवण्याचा खर्च तो महसुली आणि तिची उपयुक्तता वाढवणारा खर्च तो भांडवली. मी वहीत तीन रकाने आखले : दुरुस्ती, सुधारणा, हौस. ब्रेक, बुशा, गंजाचा पत्रा ही दुरुस्ती. मागचे पट्टे, दिव्यांचे रिले, इथेनॉलच्या नळ्या ही सुधारणा. मोठे इंजिन ‘हौस’ या रकान्यात गेले, आणि त्याच्यापुढे त्याच्यामुळे वाढणाऱ्या सात खर्चांची यादी लिहून मी वही दादापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. “मग हिला मसल कार कशी म्हणायची ?” असे तो रागाने म्हणाला. मामा गंजलेला बोल्ट सोडवत होते. ते म्हणाले, “वाघ दिसायला वाघासारखा असला म्हणजे झालं. घरातल्यांना चावायलाच हवा असं कुठंय ?”

एक हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा लावला, तर एक लाखाची गाडी तीस वर्षांनी पुस्तकात सुमारे ७६३ रुपयांची उरते. म्हणजे वहीच्या दृष्टीने आम्ही भंगारावर खर्च करीत होतो. वही खोटे बोलत नाही; पण आजीला त्याच सीटवर बसायचे आहे, याला तिच्यात रकाना नाही. तो निर्णय घरातल्यांनीच घ्यायचा असतो. वहीचे काम एवढेच की, हौस कोठे सुरू होते हे लपू देऊ नये. जुन्या गाडीत फसलेले बहुतेक जण ‘आतापर्यंत इतके घातले, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचे’ या विचाराने फसतात. गेलेला पैसा गेलेलाच असतो. पुढचा रुपया घालावा की नाही, हे त्या रुपयाकडे पाहूनच ठरवावे.

अजून एक सूचना. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून खोक्यात ठेवावा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. आमच्या गाडीची ती वेळ २०४४ मध्ये येईल. तोपर्यंत दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते.

दुसऱ्या सुट्टीच्या अखेरीस आजी ओंकारेश्वरला जाऊन आली. दादाने गाडी चालवली, भेरू घाट त्याने तिसऱ्या गिअरमध्ये उतरला, आणि आजी बहुतेक वेळ झोपली होती. त्या मोठ्या इंजिनाचे चित्र त्याच्या खोलीच्या भिंतीवर अजून आहे. ते काढायला त्याला कोणी सांगितलेले नाही. आपल्या गावातही कितीतरी अंगणांत जुन्या फियाट, ॲम्बॅसडर आणि जीप उभ्या आहेत. त्यांपैकी एखादी चालू करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर माझी विनंती एवढीच : पहिला रुपया ब्रेकवर खर्च करा, आणि खर्चाची वही घरात ज्याला गाडीचे वेड नाही त्याच्या हाती द्या.